घरात वडिलांचे नेमके काम कोणते? पवित्र शास्त्राच्या आधारे मार्गदर्शन हवे आहे

शोधार्थी (प्रश्न)

सर्वांना सप्रेम सलाम.

मला दोन मुले आहेत. मुलगा १४ वर्षांचा आणि मुलगी ९ वर्षांची. आम्ही पतिपत्नी दोघेही ख्रिस्ती घरांत वाढलो, रविवारची उपासना सहसा चुकवत नाही आणि मंडळीच्या कामातही आपापल्या परीने भाग घेतो. तरीही आमच्या घरात जे काही आत्मिक शिक्षण होते ते सारे माझ्या पत्नीच्या हातून होते. मुलांबरोबर रात्रीची प्रार्थना ती करते, शास्त्रवाचन ती घेते, संडे स्कूलची वचनेही तीच पाठ करून घेते. माझ्याकडे घरखर्च चालवणे आणि कोणी उलट बोलले की आवाज चढवणे एवढेच उरले आहे. हे माझ्यावर कोणी लादलेले नाही. माझ्या वडिलांना मी असेच पाहिले होते, त्यामुळे यात काही उणे आहे असे मला कधी वाटलेच नाही.

मागच्या महिन्यात जेवताना मुलाने मला विचारले, "बाबा, तुम्ही देवाशी कधी बोलता?" त्याच्या स्वरात टोमणा नव्हता, त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. "मनातल्या मनात बोलतो," असे सांगून मी विषय बदलला, पण तो प्रश्न तेव्हापासून मनात सलतो आहे, कारण मी दिलेले उत्तर पूर्ण खरे नव्हते.

आई हे सारे उत्तम रीतीने करत असताना बापाने आणखी काय करायचे, हा माझा मूळ प्रश्न आहे. बाप हा कुटुंबाचे मस्तक आहे असे मी उपदेशांतून ऐकत आलो, पण माझ्यापुरता त्याचा अर्थ "घरात शेवटचा शब्द माझा" एवढाच झाला. ख्रिस्ती दृष्टीने बापाचे म्हणून काही वेगळे काम आहे काय, की काम दोघांचेही एकच आहे आणि मी फक्त माझा वाटा उचललेला नाही? ज्यांनी यावर विचार केला असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. शब्द कठोर असले तरी मी ऐकून घेईन.

निवृत्त पाळक

आपल्या मुलाने विचारलेला प्रश्न पवित्र शास्त्राला नवा नाही. मुले असे विचारणारच हे गृहीत धरूनच शास्त्राने बापाच्या कामाची मांडणी केली आहे. अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील आज्ञा आपण अनेकदा ऐकली असेल: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना देवाच्या वचनांविषयी मुलांशी बोलत जावे. मात्र त्याच्या आधीचे वचन आपण बहुधा घाईने ओलांडतो. ही वचने प्रथम तुझ्या स्वतःच्या हृदयात असावीत, असे तेथे सांगितले आहे, आणि मुलांना शिकवण्याची गोष्ट त्यानंतर येते. हा क्रम उलटा करता येत नाही.

त्याच अध्यायात पुढे, विसाव्या वचनात, मुलगा बापाला विचारतो की परमेश्वराने लावून दिलेल्या या आज्ञांचा आणि विधींचा अर्थ काय. बापाने काय उत्तर द्यावे हेही तेथेच दिलेले आहे, आणि ते उत्तर वाचून मला दर वेळी आश्चर्य वाटते, कारण आज्ञांचे स्पष्टीकरण देण्याऐवजी बापाने आपली हकिकत सांगावी असे तेथे म्हटले आहे. आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो आणि परमेश्वराने आम्हाला तेथून बाहेर काढले, असे त्याने सांगायचे आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे त्याच सुटकेच्या आठवणीच्या सणाच्या, विधीबद्दल मुले विचारतील तेव्हा (निर्गम १२:२६) आणि यार्देन नदीतून उचललेल्या बारा धोंड्यांबद्दल विचारतील तेव्हाही (यहोशवा ४:६) रीत हीच आहे. म्हणजे मुलाच्या प्रश्नासमोर बापाने पंतोजी म्हणून उभे राहायचे नसून, ज्याची सुटका झाली आहे असा माणूस म्हणून बोलायचे आहे. आपल्या मुलाने आपल्याकडे नेमके हेच मागितले. आईचा विश्वास त्याला दिसतो. बापाची हकिकत मात्र त्याने अजून ऐकलेली नाही, आणि ती आपल्याऐवजी दुसरे कोणी सांगू शकत नाही.

आता "मस्तक" या शब्दाविषयी. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पती हा पत्नीचे मस्तक आहे असे म्हटले आहे. बाप हा घराचे मस्तक आहे, असे शब्द तेथे नाहीत. शिवाय त्या मस्तकपणाचे माप लगेच दिलेले आहे: ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि स्वतःला तिच्यासाठी अर्पण केले, तसे. "शेवटचा शब्द माझा" हा अर्थ त्या उताऱ्यातून काढायचा असेल, तर ख्रिस्ताचा शेवटचा शब्द कोठे आणि कोणत्या स्थितीत उच्चारला गेला हेही लक्षात घ्यावे लागेल.

त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायातील चौथे वचन थेट बापांना उद्देशून आहे, आणि ते कोणत्या काळात लिहिले गेले हे कळल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. रोमी कायद्यात बापाचा मुलांवरील अधिकार बाप जिवंत असेपर्यंत संपत नसे. मुलगा प्रौढ झाला, त्याला स्वतःची मुले झाली, तरी तो बापाच्याच अधिकाराखाली राही; नवजात मूल स्वीकारायचे की उघड्यावर टाकून द्यायचे हेही बाप ठरवी. ज्या जगात बापाचा अधिकार एवढा मोठा होता, त्या जगात प्रेषित पौलाने बापांना पहिला शब्द लिहिला तो मनाईचा: आपल्या मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैकरांस पत्रात त्याचे कारणही दिले आहे. तसे केल्याने मुले खिन्न होतात, त्यांचा धीर खचतो. मनाईनंतर आज्ञा येते, की प्रभूच्या शिस्तीत आणि शिक्षणात त्यांना वाढवा. "वाढवा" यासाठी मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, ते नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येते, आणि तेही याच पत्रात: मनुष्य आपल्या देहाचे पालनपोषण करतो (५:२९), तेथे. त्या शब्दात भरवणे आहे, जपणे आहे. आपण आईचे म्हणून समजतो तेच काम प्रेषिताने तेथे बापाच्या हाती दिले आहे.

प्रामाणिकपणे हेही सांगतो, की त्या वचनातील "बापांनो" हा मूळ शब्द क्वचित आईबाप दोघांसाठीही वापरला जाई. इब्री लोकांस पत्रात मोशेच्या आईबापांसाठी तोच शब्द आहे. त्यामुळे आईला यातून वगळण्याचा कोणताही आधार या वचनात नाही. पण बापाला वगळण्याचा तर त्याहूनही नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी १५२९ साली लहान प्रश्नोत्तरावली लिहिली, तेव्हा तिच्या भागांच्या आरंभी, घरातील कर्त्याने आपल्या घरच्यांना हे साध्या शब्दांत शिकवावे, असे नमूद केले. ती पुस्तिका त्यांनी पाळकांबरोबर घराघरांतील बापांसाठीही लिहिली होती. घरातले शिक्षण संडे स्कूलवर सोपवून आपण मोकळे झालो, ही सवय त्या मानाने नवी आहे.

शेवटी मरीयेचा पती योसेफ याच्याकडे पाहावे. शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. मत्तयाने त्याची चार स्वप्ने सांगितली आहेत आणि प्रत्येक स्वप्नानंतर तो उठून सांगितल्याप्रमाणे करतो: मरीयेचा स्वीकार करतो, बाळाला घेऊन रातोरात मिसर देशाला जातो, परत येतो, आणि गालीलात जाऊन राहतो. बाळाचे नाव येशू असे तोच ठेवतो, आणि नाव ठेवणे म्हणजे ते मूल आपले म्हणून पत्करणे होते. बोलणे जमत नाही म्हणून आपण संकोचत असाल, तर योसेफापासून आरंभ करावा.

शोधार्थी

पाळकसाहेब, आपले मनापासून आभार. विसाव्या वचनाकडे मी या दृष्टीने कधीच पाहिले नव्हते. मला सांगण्यासारखी हकिकत आहे. काही वर्षांपूर्वी एका फार कठीण काळातून देवाने मला बाहेर काढले, पण मुलांना त्यातले काहीच ठाऊक नाही, कारण ते सांगायचे तर माझी चूकही सांगावी लागेल.

आणखी एक विचारतो. मुलगा आता उलट उत्तरे देऊ लागला आहे. मी आवाज चढवला की तो गप्प होतो, आणि मला वाटते की शिस्त लागली. नीतिसूत्रांत छडीचा उल्लेख आहेच. चिरडीस आणणे आणि शिस्त लावणे यांतली सीमारेषा कोठे आहे?

अजूनही शिकते आहे

या शेवटच्या प्रश्नामुळेच मी लिहायला बसले आहे. मी कोणाची आई नाही. मी अशा एका बापाची मुलगी आहे ज्याने आवाज चढवला की सारे घर गप्प होत असे. मंडळीत माझ्या वडिलांना मान होता, त्यांच्या प्रार्थना लांब आणि सुंदर असत. घरी मात्र त्यांच्या पावलांचा आवाज ऐकून आज कोणती वागणूक ठेवायची हे आम्ही ठरवत असू. आम्ही गप्प बसत होतो, आणि त्यांनाही वाटत असे की शिस्त लागली. प्रत्यक्षात आम्ही खोटे बोलायला शिकलो होतो. आपला मुलगा तसा नसेलही. पण त्याचे गप्प होणे हा पुरावा धरू नये, एवढी कळकळीची विनंती आहे.

मी मोठी झाल्यावर मला प्रभूची प्रार्थना म्हणता येत नसे. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" या पहिल्याच शब्दांशी मी अडत असे, कारण "पिता" म्हटले की मनासमोर एकच चेहरा येई. अनेक वर्षांनी मंडळीतील एका वडीलधाऱ्या बाईंनी मला इफिसकरांस पत्राचा तिसरा अध्याय दाखवला. तेथे पौल म्हणतो की ज्या पित्यावरून प्रत्येक वंशाला नाव मिळते त्याच्यासमोर मी गुडघे टेकतो. त्या बाई म्हणाल्या, की तू उलट्या बाजूने मोजते आहेस. आपल्या बापावरून देव कसा असेल हे ठरवायचे नसते, देवावरून बाप कसा असायला हवा होता हे कळते. त्या दिवशी माझ्या मनावरचे ओझे उतरले. माझ्या वडिलांनी जे केले ते चुकीचे होते, हे म्हणायला मला पहिल्यांदा आधार मिळाला, आणि त्यांना क्षमा करण्याची वाटही तेथूनच निघाली, कारण जी चूक आहे असे म्हणता येत नाही तिची क्षमाही करता येत नाही.

नीतिसूत्रांतील छडीबद्दल बोलायचे, तर तेथे जो इब्री शब्द आहे तोच स्तोत्र २३ मध्ये मेंढपाळाच्या हातातील काठीसाठी आला आहे, आणि ती काठी पाहून मेंढराला धीर येतो असे स्तोत्रकर्ता म्हणतो. नीतिसूत्रांत शिक्षेचा अर्थ नाहीच असे मी म्हणत नाही. पण आपल्या हातातील काठी पाहून मुलाला धीर येतो की धडकी भरते, हे बापाने स्वतःला अवश्य विचारावे. सीमारेषा कोठे, याचे माझ्याकडे हेच उत्तर आहे. ज्या रागानंतर मुलाला बापाकडे यावेसे वाटते ती शिस्त, आणि ज्या रागानंतर ते लपण्याची जागा शोधते ते चिरडीस आणणे.

पाळकसाहेबांच्या एका मुद्द्याशी मात्र मी आदरपूर्वक असहमत आहे. योसेफाचे मौन गौरवाने सांगितले जाते, आणि योसेफाबद्दल मला काहीच तक्रार नाही. पण कित्येक घरांतील बाप आधीच मौन पाळून असतात आणि त्यांना त्या मौनासाठी आणखी एक आधार देऊ नये असे मला वाटते. मी त्याऐवजी यार्देनेच्या काठचा प्रसंग सांगेन. येशूचा बाप्तिस्मा झाला, तोवर मत्तयाच्या वृत्तांताप्रमाणे त्याने एकही उपदेश केला नव्हता, एकही रोगी बरा केला नव्हता. त्या वेळी आकाशातून वाणी झाली, की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. काम सुरू होण्याआधी, सर्वांना ऐकू जाईल असे, पित्याने ते बोलून दाखवले. मला वयाच्या चाळिशीपर्यंत असे एक वाक्य ऐकायला मिळाले नाही. शोधार्थी, आपल्या मुलीला आणि मुलाला ते वाक्य ऐकवायला परीक्षेच्या निकालाची किंवा पाठ झालेल्या वचनांची वाट पाहू नका.

निवृत्त पाळक

ताई, आपली दुरुस्ती मी स्वीकारतो. योसेफाचे मौन हे शुभवर्तमानकारांचे मौन आहे. तो घरात बोलत नव्हता असा त्याचा अर्थ होत नाही. हे मी लिहायला हवे होते.

तीन मुलग्यांचा बाप

मी कॅथलिक आहे, पण या विषयात आपले फारसे अंतर नसावे. माझी तिन्ही मुले आता संसारी आहेत, त्यामुळे जे लिहितो त्यातले बरेचसे वेळ टळून गेल्यावर उमगलेले आहे.

वरच्या ताईंनी कठोर बापाबद्दल लिहिले. मी दुसऱ्या टोकाचा बाप होतो. कामावरून थकून यायचे, मुलांशी वाद नको म्हणून काही बोलायचे नाही, आणि त्यालाच प्रेम समजायचे, अशी माझी रीत होती. या रीतीचा परिणाम पाहायचा असेल तर दावीद राजाचे घर वाचावे. इस्राएलाचा सर्वात थोर राजा, स्तोत्रे रचणारा, देवाच्या मनासारखा म्हणून गौरवलेला, आणि बाप म्हणून मात्र सतत उशिरा जागा होणारा. त्याचा मुलगा अम्नोन याने आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर अत्याचार केला, तेव्हा दावीद अतिशय संतापला असे शास्त्र सांगते; पण त्या संतापानंतर त्याने काय केले याची पुढे एकही ओळ नाही. तामारेला न्याय मिळाला नाही. दोन वर्षांनी तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाचा घात केला आणि तो गशूरच्या राज्यात पळून गेला. तीन वर्षांनी त्याला यरुशलेमेत परत आणले गेले, आणि त्यानंतरची गोष्ट मला सर्वात जास्त बोचते: एकाच नगरात राहूनही दोन वर्षे त्याला बापाचे तोंड दिसले नाही. शिक्षाही नाही आणि मिठीही नाही. त्यातून बंड उभे राहिले, आणि शेवटी वेशीवरच्या माडीत "माझ्या पुत्रा, अबशालोमा" असा दाविदाचा आक्रोश ऐकू येतो. ते शब्द मुलगा जिवंत असताना कधी उच्चारले गेले होते काय, असा प्रश्न मला प्रत्येक वेळी पडतो.

पुढे अदोनीया या मुलाने गादी बळकावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा राजांच्या पहिल्या पुस्तकात त्याचे कारण एका वाक्यात सांगितले आहे: त्याच्या बापाने "तू असे का केलेस?" असे विचारून त्याला कधी दुखवले नव्हते. एली याजकाचेही तसेच झाले. मुले काय करतात ते त्याला ठाऊक होते, त्याने एकदा समजावलेही, पण आवरले नाही. त्यामुळे शोधार्थी यांना माझे सांगणे असे, की आवाज खाली आणताना प्रश्न विचारणेही सोडू नका. "तू असे का केलेस?" हे बापाने विचारायलाच हवे, फक्त मुलाचे उत्तर ऐकण्यासाठी विचारावे, उत्तर आधीच ठरवून नव्हे.

आमच्या परंपरेत कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली हा जुना विचार पुन्हा ठळकपणे मांडला. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संत योसेफावर एक पत्र प्रसिद्ध केले. पोप पायस नववे यांनी संत योसेफाला सार्वत्रिक ख्रिस्तसभेचा पालक घोषित केले त्याला त्या दिवशी १५० वर्षे पूर्ण झाली होती. त्या पत्रात असा विचार आहे की बाप जन्मतः बाप नसतो, तो होत जातो. मूल जगात आणल्याने नव्हे, तर त्याची जबाबदारी पत्करल्याने. मुलाला धरून ठेवणारे प्रेम आणि त्याला मोकळे करणारे प्रेम यांतला फरकही तेथे सांगितला आहे. मला या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व फार उशिरा पटले. मुलांनी माझी स्वप्ने पुरी करावीत अशी माझी अपेक्षा होती, आणि मी रागावत नसे म्हणून ती अपेक्षा त्यांना जाणवत नाही असे मी समजत होतो. त्यांना ती पूर्ण जाणवत होती.

येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातील बाप पाहा. धाकट्याला तो वाटा देऊन जाऊ देतो, परतताना दुरून ओळखून धावत जातो, हे आपण नेहमी ऐकतो. पण तोच बाप मेजवानी सोडून रुसलेल्या थोरल्यासाठीही बाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो. चौदा वर्षांचा मुलगा घरात असूनही काही वेळा दाराबाहेरच उभा असतो. त्याच्यासाठी बापाला बाहेर यावे लागते.

एकटी आई

मी थोडक्यात लिहिते. माझे पती देवाघरी गेले तेव्हा मुले लहान होती. वरची सर्व चर्चा मला पटली, तरी ती वाचताना मन जड झाले, कारण आमच्यासारख्या घरांबद्दल कोणी काही म्हटले नाही. परमेश्वर पितृहीनांचा पिता आहे, असे स्तोत्र ६८ म्हणते, आणि ते आम्ही अनुभवले आहे. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा बाप ग्रीक होता एवढेच शास्त्र सांगते. त्याच्या विश्वासाचा उगम सांगताना पौल आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो. आणि तोच पौल त्याला आपले प्रिय लेकरू म्हणतो. म्हणजे मंडळीतील एका पुरुषाने ती जागा ओळखली आणि भरली. माझ्या मुलालाही आमच्या मंडळीतील एका काकांनी सायकल दुरुस्त करायला शिकवता शिकवता प्रार्थना करायला शिकवले.

ज्या घरात बाप आहे तेथे त्याने आपली जागा रिकामी ठेवू नये, आणि जमल्यास शेजारच्या रिकाम्या जागेकडेही पाहावे, एवढेच मला म्हणायचे आहे.

शोधार्थी

एकटी आई, आपली क्षमा मागतो; प्रश्न विचारताना मी फक्त माझ्या घराचा विचार केला होता. आमच्या मंडळीत अशी दोन घरे आहेत, हे आपले उत्तर वाचताना ध्यानात आले.

काल रात्री घडले ते लिहितो. मुलगा झोपण्यापूर्वी मी त्याच्या खोलीत गेलो आणि मागे त्याला दिलेले उत्तर खरे नव्हते हे सांगितले. मी देवाशी फार कमी बोलतो, आणि एके काळी फार बोललो होतो, असे सांगून त्या कठीण काळाची हकिकत त्याला त्याच्या वयाला पेलेल एवढी सांगितली. माझी चूकही सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. या वेळचे गप्प राहणे मी आवाज चढवल्यानंतरच्या गप्प राहण्यासारखे नव्हते, एवढे मला ओळखता आले. मग त्याने विचारले, "आईला हे माहीत होते?" मी हो म्हणालो. "मग ती त्या वेळी आमच्याबरोबर रोज त्याचीच प्रार्थना करत होती," असे तो म्हणाला. मला ते ठाऊक नव्हते.

आम्ही दोघांनी मिळून प्रार्थना केली. मला शब्द सुचत नव्हते, म्हणून प्रभूची प्रार्थनाच म्हटली.

आता अडचण अशी आहे, की कौटुंबिक उपासना मी घ्यावी काय? पत्नीने इतकी वर्षे जे सांभाळले ते "बाप म्हणून" मी हाती घ्यावे हे मला योग्य वाटत नाही, आणि बाजूला बसून राहणेही आता योग्य वाटत नाही.

निवृत्त पाळक

काढून घेऊ नका, सामील व्हा. आज रात्री पत्नी शास्त्र उघडील तेव्हा मुलांच्या रांगेत बसा आणि वाचायला आपली पाळी मागून घ्या. काही आठवडे तेवढेच करावे. मुलांना विषय विचारून त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा, मुलीसाठी वेगळी आणि मुलासाठी वेगळी. ईयोब आपल्या लेकरांपैकी एकेकासाठी पहाटे होमार्पणे करत असे. पुढे कोणी काय घ्यायचे हे आपण दोघांनी मिळून ठरवावे. आणि पत्नीचे आभार मानले नसतील, तर ते मुलांच्या समोर माना.

अजूनही शिकते आहे

शोधार्थी, मुलीला विसरू नका. नऊ वर्षांच्या मुलीने अजून प्रश्न विचारलेला नाही, पण ती शेजारच्या खोलीतून ऐकत असते. मी ऐकत असे.

शोधार्थी

आज तिच्याकडे जातो.